इजिप्तचे निळे मणी काचेचे असतात की नाही?

निळाई: परवा लंडनला पेट्री म्युझियममध्ये गेले होते, तिथे कौ गावच्या थडग्यात मिळालेला जाळीचा पोशाख आहे, सगळा मण्यांचा, खालच्या काठाला शिंपले, साडेचार हजार वर्षं जुना! मी काच समजून बघत राहिले पण पाटीवर ‘फायान्स’ लिहिलंय. मग ती काच नाही का? कोणी नीट सांगेल का, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

भट्टीकर: नाही, काच नाही. फायान्स म्हणजे गारगोटीची बारीक पूड, थोडा चुना आणि पापडखारासारखा खार, रंगासाठी तांबं. पाण्यात मळून मणी वळायचे आणि वाळत ठेवायचे. वाळताना आतला खार वर येतो, आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो ना अगदी तस्सं, आणि भट्टीत घातलं की तोच थर वितळून चकाकी होते, वरून वेगळं काही लावायला नको. (वरून लेप द्यायचीही रीत होती, पण मला ही फार आवडते.) मणी फुटलेला असेल तर टोकाशी बघा, आत पांढरट रवाळ दिसेल आणि निळा फक्त वर. काच आरपार एकाच रंगाची असते.

निळाई: अरे वा, लोण्याचं एकदम कळलं!! मग खरी काच कधी आली? आणि लाजवर्द (तो गडद निळा मौल्यवान दगड) परवडत नव्हता म्हणून स्वस्तात काच, असं होतं का?

जुनीनाणी: इजिप्तमध्ये काच नीट दिसायला लागते ती इ.स.पू. १५०० च्या आसपास, म्हणजे फायान्सच्या खूप नंतर. मऊ काच सळईवर गुंडाळून मणी करायचे, भोकाभोवती वेढे दिसतात कधीकधी. स्वस्त म्हणू नका हो. तुतानखामूनच्या सोन्याच्या मुखवट्यावर डोक्याच्या वस्त्राचे निळे पट्टे काचेचे आहेत आणि भुवया लाजवर्दाच्या, राजाच्या चेहऱ्यावर दोन्ही शेजारी शेजारी. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुनला बुडालेल्या, तुतानखामूनच्याच शतकातल्या जहाजात निळ्या काचेच्या सुमारे १७५ लाद्या निघाल्या, तांब्याच्या लाद्या आणि हस्तिदंताबरोबर. असल्या मालात फालतू वस्तू कोण भरेल?

भट्टीकर: +१. आणि गडद निळा दिसला तर बहुतेक कोबाल्ट, तो इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातल्या ओअॅसिसकडून यायचा. आकाशी-फिरोजी असेल तर तांबं.

निळाई: शनिवारी परत जातेय, यावेळी फुटके मणी आधी बघणार.