मदत हवी आहे: दुसऱ्या गटाचा r (ताल किती जुळलाय याचं ० ते १ माप) खरंच ‘श्वास घेतोय’, म्हणजे आपोआप वर-खाली होतोय, की दोलक कमी पडताहेत?

कुरामोटो मॉडेलचं (एकमेकांच्या तालावर परिणाम करणाऱ्या दोलकांचं गणिती मॉडेल) दोन गटांचं सिम्युलेशन पायथनमध्ये करतेय. प्रत्येक गटात ६४ दोलक, सगळ्यांची नैसर्गिक वारंवारिता एकच. गटाच्या आतलं कपलिंग (दोलकांमधल्या जोडणीची ताकद) ०.६४, दुसऱ्या गटाशी ०.३६ (दोन्ही गटातल्या दोलकांच्या संख्येने भागलेली), फेज लॅग (जोडणीत धरलेला फेजचा, म्हणजे आवर्तनातल्या स्थानाचा, ठरावीक फरक) ९० अंशांपेक्षा ०.१ रेडियनने कमी.

पहिला गट लगेच एका तालात येतो, r = १. दुसरा विस्कळीतच राहतो, म्हणजे कायमेरा अवस्था (दोलक सारखेच असूनही काही तालात, काही विस्कळीत) मिळाली. इतकं बघूनच मी हरखले होते! पण दुसऱ्याचा r स्थिर होत नाही. हळूहळू चढतो, वर जरा रेंगाळतो, मग उतरतो. प्रत्येक फेरीत शिखराची उंची थोडी वेगळी. एब्रम्स, स्ट्रोगाट्झ आणि सहकाऱ्यांच्या २००८च्या कामात दोन कपलिंगमधला फरक ०.२ असताना r स्थिर राहतो आणि ०.२८ला असाच वर-खाली होतो, त्यामुळे हे अपेक्षित असूही शकतं.

समीकरणं सोडवायला आरके-४ (रुंगे-कुट्टा ही संख्यात्मक पद्धत) वापरलंय, वेळेची स्टेप ०.०५ वरून ०.०१ केली तरी आलेख तसाच, त्यामुळे चूक इंटिग्रेशनची वाटत नाही. सुरुवातीचे फेज बदलून दहा वेळा चालवलं. काही वेळा दोन्ही गट पूर्ण जुळले, ते रन बाजूला ठेवलेत. लॅपटॉप साधा आहे, गटामागे ५००च्या वर दोलक झेपत नाहीत.

एवढ्या मर्यादेत, शिखरांमधला हा फरक कमी संख्येमुळे आहे की मूळ गतिकीतलाच, हे वेगळं कसं ओळखायचं?