'आभासी वर्ग' हा शब्द बरोबर आहे का?

म्हादईकाठ :
आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालाची मराठी प्रत यंदा मी करते आहे. 'व्हर्च्युअल क्लासरूम'ला आधीच्या प्रतीत 'आभासी वर्ग' छापलंय. तो शब्द पुन्हा लिहायला माझा हात धजत नाही.

कारण सांगते. २०२० च्या पावसाळ्यात माझी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली एक विद्यार्थिनी घरी रेंज नाही म्हणून मागच्या सड्यावर, खडकाळ पठारावर, जाऊन तासाला बसायची. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, वर छत्री. त्या दिवशी विषय होता काव्यशास्त्रातला रसाभास, म्हणजे अनुचित जागी आलेला रस. छत्रीवर पावसाचा असा मारा की तिचं बोलणं मला ऐकूच येईना. मग तिने लिहून पाठवलं, "टीचर, म्हणजे भावना खोटी नसते, जागा चुकलेली असते ना?" रसाभासात अनौचित्य का महत्त्वाचं, ते तिने एका ओळीत पकडलं होतं. इतक्या वर्षांत समोरच्या बाकावरून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

त्या तासाला आभासी कसं म्हणू? हेत्वाभास म्हणजे हेतूसारखा दिसणारा पण हेतू नसलेला. विरोधाभास म्हणजे वरवरचा विरोध. आपल्या भाषेत 'आभास' लागला की 'तसं दिसतं, पण तसं नाही' हे आलंच. मग आभासी वर्ग म्हणजे वर्गासारखा दिसणारा, पण वर्ग नसलेला?

जांभा :
मी पदार्थविज्ञान शिकवतो. माझ्या अंदाजाने हा शब्द आमच्याच पाठ्यपुस्तकातून तिकडे गेला. सपाट आरशातली प्रतिमा 'आभासी', कारण किरण तिथे प्रत्यक्षात एकत्र येत नाहीत, आल्यासारखे वाटतात. वास्तव प्रतिमा पडद्यावर घेता येते, आभासी घेता येत नाही, ही तर परीक्षेत हमखास विचारली जाणारी ओळ. तिथे शब्द चपखल आहे. पण जो वर्ग मुळात पडद्यावरच भरतो, त्याला पडद्यावर न येणाऱ्या प्रतिमेचं विशेषण लागलंय.

मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थही वेगळा आहे. तो लॅटिन 'व्हिर्तुस'वरून आला, म्हणजे गुण, सामर्थ्य. 'नावाने तसं नसलं तरी परिणामाने तेच' हा त्याचा जुना अर्थ. आपण नेमकी उलटी बाजू उचलली.

काजूबोंडू :
'दूरस्थ' कसं वाटतं?

जांभा :
त्याला टपालाचा वास येतो. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ चं. घरपोच पुस्तकं आणि अभ्यासकेंद्रं, ही व्यवस्था 'दूरशिक्षण' या शब्दाला बरोबर बसली. इथे अंतर हा मुद्दाच नाही. माझे काही विद्यार्थी गोवा विद्यापीठाजवळच, ताळगावच्या वसतिगृहात राहून विद्यापीठातलाच तास रात्री पुन्हा बघतात.

काजूबोंडू :
मग आपल्या गोव्याचं उदाहरण घ्या. उच्च शिक्षण संचालनालयाच्या पुढाकाराने पदवीच्या अभ्यासक्रमावर जे व्हिडिओ तयार झाले, त्यांचं नाव 'दिश्टावो'. कोकणी शब्द, नातं दृष्टीशी. नाव ठेवणाऱ्यांनी दिसण्याकडचा शब्द घेतला, भासण्याकडचा नाही. मला ते फार आवडलं.

म्हादईकाठ :
जांभा, तुमच्या पडद्याच्या ओळीने माझं ठरलं. 'आभासी' काढते आहे. नुसतं 'ऑनलाइन' लिहावं असंही वाटलं, मुलं आणि पालक तेच म्हणतात आणि त्यात काही वावगं नाही. पण त्या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात, आणि शिकवण्यातल्या बऱ्याच चुका तिथूनच होतात. म्हणून मी दोन शब्द वापरणार आहे : सगळे एकाच वेळी जोडलेले असतात तो 'थेट तास' आणि आधी ध्वनिमुद्रित केलेला, हवा तेव्हा बघायचा तो 'सवडीचा तास'.

सवडीच्या तासात मूल थांबतं, मागे जातं, वहीत लिहून घेतं. व्याख्येची जागा ती. थेट तासात शंका आणि वाद व्हायला हवेत. आम्ही काय केलं? पन्नास मिनिटांचं व्याख्यान जसंच्या तसं थेट तासात ओतलं. आता मी व्याख्या आधी ध्वनिमुद्रित करून देते आणि मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीवर पाच प्रश्न ठेवते, कितीही वेळा सोडवा म्हणून. कोणत्या प्रश्नाला किती जण अडले, ते तासाआधी मला दिसतं आणि तास तिथूनच सुरू होतो. 'समकालिक' आणि 'असमकालिक' हे प्रतिशब्द आहेत, पण ते तोंडात बसत नाहीत. 'सवड' प्रत्येक घरात आहे.

आणखी एक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावरच्या अभ्यासक्रमांतून घेता येतात. श्रेयांक खरे, गुणपत्रिका खरी, आणि शिकणं तेवढं आभासी? मुलं शब्द ऐकतात हो. "आभासीच आहे, कॅमेरा बंद ठेवला तर काय झालं," हे मी कानांनी ऐकलंय.

काजूबोंडू :
मग चार भिंतींतल्या वर्गाला काय म्हणणार? 'प्रत्यक्ष' म्हणजे डोळ्यांसमोरचं, आणि व्हिडिओ तर डोळ्यांसमोरच असतो.

म्हादईकाठ :
त्याला 'वर्गातला तास'. अडलंय ते 'हजेरी'पाशी. थेट तासाला हजर म्हणता येतं. पण सवडीचा तास जिने रात्री अकराला पाहिला, पाचही प्रश्न सोडवले, तिच्या नावापुढे काय लिहू? सध्या रकान्यात 'पाहिला, सोडवला' असं लिहिते आहे. एका शब्दात बसणारं काही सुचलं तर सांगा, शुक्रवारी प्रत छपाईला जाते.