‘जनुकांचे नियंत्रण बिघडते’ की ‘नियमन बदलते’? (धूम्रपान आणि डोके-मान कर्करोग)

रफार
एक आरोग्यविषयक लेख मुद्रितशोधनासाठी आलाय. त्यात हे वाक्य आहे: ‘धूम्रपानामुळे डोक्याच्या व मानेच्या कर्करोगात जनुकांचे नियंत्रण बिघडते व जनुके बदलतात.’ पहिली शंका, नियंत्रण, नियमन, विनियमन यांतलं काय ठेवायचं? दुसरी, ‘नियंत्रण बिघडते’ आणि ‘जनुके बदलतात’ ही एकाच गोष्टीची द्विरुक्ती आहे का? लेखक म्हणतात नाही. वाचून मात्र तसंच वाटतं.

काना-मात्रा
नियमन. ‘नियंत्रण’ म्हटलं की वर कुणीतरी ताबा घेऊन बसलंय असं वाटतं, गर्दीवर नियंत्रण, रागावर नियंत्रण. पेशीत तसा कुणी साहेब नसतो. विनियमन बँका आणि वीजदरांपुरतं ठीक आहे, तिथेच राहू द्या.

पेशीवाला
द्विरुक्ती नाही, लेखकाचं बरोबर आहे. धूर दोन वेगवेगळी कामं करतो आणि ‘बदल’ हा शब्द दोन्हींना वापरल्यामुळे घोळ होतो.

एक, डीएनएची अक्षरंच बदलतात. हे उत्परिवर्तन. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याचा हिशोब मांडला होता: वर्षभर रोज एक पाकीट सिगारेट ओढली, तर स्वरयंत्राच्या प्रत्येक पेशीत सरासरी ९७, घशाच्या पेशीत ३९ आणि तोंडाच्या पेशीत २३ नवी उत्परिवर्तनं साठतात. पेशीचं विभाजन रोखून धरणारं टीपी५३ हे जनुक धूम्रपानाशी निगडित डोके-मान कर्करोगांत बहुतेक वेळा असंच निकामी झालेलं सापडतं.

दोन, अक्षरं तीच राहतात, पण जनुक किती वाचलं जाणार, म्हणजे त्यातून प्रथिन किती बनणार, ते बदलतं. छापील पानातल्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवली तर मजकूर असतो पण वाचता येत नाही, तसं. इथे पट्टी म्हणजे डीएनएवर बसणारे मिथिल नावाचे छोटे रासायनिक गट. जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर ते दाट बसले की जनुक गप्प होतं. पी१६ हे प्रथिन बनवणारं सीडीकेएन२ए जनुक या कर्करोगांत काही वेळा असं गप्प होतं, काही वेळा त्याचा तुकडाच गळून जातो. परिणाम एकच, पेशीचा एक ब्रेक गेला. पण गप्प होण्याला नियमन म्हणायचं आणि तुकडा गळण्याला नाही.

काना-मात्रा
मग ‘नियमन बिघडते’ चालेल ना?

पेशीवाला
सरसकट नाही. माझा खरा आक्षेप ‘बिघडते’वर आहे. धुरातली बेंझोपायरीनसारखी रसायनं पेशीतल्या एका ग्राहीला (रसायन ओळखून पेशीला इशारा देणाऱ्या प्रथिनाला) चिकटतात. तो ग्राही सीवायपी१ए१ हे जनुक चालू करतो, त्यातून विकर (एन्झाइम) तयार होतं आणि ते या रसायनांची विल्हेवाट लावायला घेतं. इथवर नियमन चोख चाललंय, कुठेही बिघाड नाही. पण विल्हेवाटीच्या वाटेवर त्याच रसायनाचं असं रूप तयार होतं जे डीएनएतल्या ग्वानीनला जाऊन चिकटतं, आणि तिथून अक्षर चुकतं. म्हणजे नीट चाललेल्या नियमनातूनच उत्परिवर्तन घडलं! म्हणून ‘नियमन बदलते’ म्हणा. बिघाड जिथे सिद्ध आहे तिथेच बिघाड.

वेलांटी
‘उत्परिवर्तन’ कोण वाचणार? कोविडपासून सगळे ‘म्युटेशन’ म्हणतात. आणि ‘डोक्याचा कर्करोग’ वाचून लोक मेंदूतली गाठ समजतील, त्याचं काय?

पेशीवाला
दुसरं अगदी खरं. या गटात मेंदूचा कर्करोग येत नाही. तोंड, घसा, स्वरयंत्र, नाक आणि त्यालगतच्या पोकळ्या, लाळग्रंथी, एवढाच हा इलाका. ‘डोके-मान कर्करोग’ असा जोडशब्द करून पहिल्याच वेळी अवयव सांगून टाकावेत. म्युटेशनला माझी हरकत नाही, पण मग पूर्ण लेखात तेच ठेवा. अर्ध्यात म्युटेशन, अर्ध्यात ‘जनुकीय बदल’ असं झालं की रफार यांना पडली तीच शंका पुन्हा.

अनुस्वार
याच विषयातला आणखी एक फसवा शब्द: बायॉप्सीच्या रिपोर्टवरचं ‘पी१६ पॉझिटिव्ह’. नातेवाईक हमखास घाबरतात. आपल्याकडे पॉझिटिव्ह म्हणजे रोग निघाला!

पेशीवाला
छान आठवण केलीत. घशाच्या मधल्या भागातल्या, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या गाठींसाठी ही तपासणी करतात. साधारण ७० टक्के किंवा त्याहून जास्त पेशींना गडद रंग आला की पॉझिटिव्ह लिहितात. अर्थ एवढाच की पी१६ भरपूर तयार होतंय, आणि त्यावरून गाठ बहुधा एचपीव्ही विषाणूमुळे झाली असं मानतात. विषाणूचं ई७ प्रथिन पेशीतलं आरबी हे प्रथिन निकामी करतं, त्याची प्रतिक्रिया म्हणून पी१६ वाढतं. तंबाखूच्या गाठींत जे प्रथिन अनेकदा गायब, तेच इथे ओसंडून वाहतंय. आणि पॉझिटिव्ह गाठी उपचारांना सहसा चांगली दाद देतात, तरी त्याच रुग्णाने बराच काळ धूम्रपान केलं असेल तर तो फायदा घटतो. मराठीत ‘पी१६ वाढलेले’ असं लिहिलं तर निम्मी घबराट कमी होईल.

रफार
लेखात शेवटी ‘हे बदल कायमस्वरूपी असतात’ असंही आहे.

पेशीवाला
तिथे शब्द फोडावाच लागेल. उत्परिवर्तन झालेल्या पेशीत ते पुसलं जात नाही. मिथिलच्या खुणांचं तसं नाही. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात एएचआरआर जनुकावरच्या खुणा ठळकपणे कमी झालेल्या दिसतात, आणि सिगारेट सोडल्यावर पुढच्या काही वर्षांत त्या बऱ्याच अंशी परत येतात. हे रक्तातलं आहे, गाठीतलं नाही, तेवढा भेद वाक्यात राहू द्या.

रफार
वाक्य असं केलंय: ‘धूम्रपानामुळे तोंड, घसा व स्वरयंत्र यांच्या पेशींतील काही जनुकांत उत्परिवर्तने होतात, शिवाय काही जनुकांचे नियमन बदलते, म्हणजे ती गरजेपेक्षा कमी किंवा जास्त वाचली जातात.’ आता मेथिल, मिथाइल की मिथिल?

काना-मात्रा
शाळेत मिथेन शिकलो ना, मग मिथिल. आणि मिथिलीकरण. ‘गरजेपेक्षा’नंतर ‘वाचली जातात’ला अवतरण द्या, नाहीतर कुणीतरी विचारेल कोण वाचतं.