एकाच सिलिंडरचा स्पार्क प्लग काळा: इंजिन खोलावे का?

प्रश्न
नमस्कार. माझी पेट्रोल गाडी सुमारे दहा वर्षांची असून चार सिलिंडरच्या प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज देणारा भाग) आहे. पन्हाळ्याचा चढ लागला की गाडी मिसिंग करते (मध्येच ठिणगी चुकून झटके देते) आणि इंजिनचा दिवा लुकलुकतो; सपाट रस्त्यावर मात्र फारसे जाणवत नाही. प्लग काढून पाहिले तेव्हा तिघांची टोके फिकट तपकिरी होती, तिसऱ्या सिलिंडरचा प्लग तेवढा काळा निघाला. शिवाय चारही प्लगांच्या पांढऱ्या चिनीमातीवर, लोखंडी भागाच्या लगत, तपकिरी कडे उमटले आहे. ‘रिंगा (पिस्टनवरची कडी) गेल्या, इंजिन खोलावे लागेल’ असे गॅरेजमध्ये सांगण्यात आले. त्याआधी काय तपासावे?

उद्यमनगरकर
इंजिन खोलण्याची घाई करू नका. फिकट तपकिरी किंवा करडे टोक हे निरोगी ज्वलनाचे लक्षण आहे, म्हणजे तीन सिलिंडरबद्दल काळजी नाही. चारही प्लग काळे असते तर तुंबलेला एअर फिल्टर किंवा ऑक्सिजन सेन्सर तपासा म्हटले असते. चिनीमातीवरचे कडे निरुपद्रवी आहे. उच्च दाबाच्या विजेमुळे हवेतले तेलकट कण तिथे चिकटतात, आणि त्याला गॅसगळती समजून चांगले प्लग फेकणारे बरेच भेटतात.

खरा प्रश्न काळेपणा कोरडा की ओला, हा आहे. बोटाने पुसली जाणारी काजळी न जळलेल्या पेट्रोलची असते. टोकच ऑईलने ओले असेल, तरच रिंगा किंवा व्हॉल्व्ह सीलचा संशय घ्यावा. ऑईल नेमके कुठे दिसते?

प्रश्नकर्ता
टोक कोरडे आहे. ऑईल प्लगच्या वरच्या भागाला आणि कॉइलच्या रबरी नळीला लागले आहे.

उद्यमनगरकर
मग ते सिलिंडरमधून आलेले नाही. टॅपेट कव्हरखालचे (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाखालचे) प्लगच्या भोकाचे सील कडक झाले की ऑईल वरून झिरपते, त्याने रबरी नळी फुगते वा चिरते आणि ठिणगी टोकापर्यंत न जाता बाहेरच्या बाहेर हेडला (सिलिंडरवरच्या धातूच्या भागाला) उतरते. चढावर सिलिंडरमधला दाब वाढल्याने ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून दोष तिथेच उघडा पडतो. न जळलेल्या पेट्रोलाची काजळी त्याच टोकावर बसते.

खात्रीसाठी तिसऱ्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा. स्कॅनरवर दिसणारा दोषाचा कोड पी०३०३ वरून पी०३०२ झाला (शेवटचा आकडा सिलिंडरचा), तर कॉइल किंवा तिची नळी दोषी आहे. दिवा लुकलुकत असताना गाडी दामटू नका, कारण न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा सायलेन्सरच्या वाटेवरचा भाग) जाळते.

गाडीवेडा
वरील निदान पटते. प्लग पुन्हा काढण्याआधी भोकातले ऑईल कापडाने टिपून घ्या, नाहीतर ते थेट सिलिंडरमध्ये पडेल. इंजिन पूर्ण थंड असू द्या. गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना आटे जातात, आणि ते गेले की कोल्हापूरच्या उद्यमनगरात (कारखान्यांच्या वसाहतीत) इन्सर्ट, म्हणजे नव्या आट्यांची नळी, बसवून घेण्यावाचून गत्यंतर नाही. नवा प्लग आधी हातानेच आट्यांत बसवावा, पाना नंतर. १४ मिलिमीटरच्या आट्यांना साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर टॉर्क लागतो, १२ मिलिमीटरच्या आट्यांना १५ ते २०. तरी गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच प्रमाण माना.

हौशी मेकॅनिक
आट्यांना ग्रीस लावले तर पुढच्या वेळी प्लग सहज निघत नाही का?

गाडीवेडा
लावू नका. आजच्या बहुतेक प्लगांना आधीच मुलामा असतो, आणि ग्रीसमुळे आटे घसरून त्याच टॉर्कला प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. इरिडियम प्लग असतील तर गॅप (ठिणगीची फट) करण्यासाठी मधल्या बारीक टोकाला हात लावू नये. असे प्लग सुमारे एक लाख किलोमीटर चालतात, साधे निकेलचे ३० ते ४० हजार. तेवढे चालून झाले असतील तर चारही एकदम बदला, पण टॅपेट कव्हरचे गॅस्केट आणि सील बसवल्यानंतरच.