टू पॉइंट हॉस्पिटल : निदानासाठी रुग्ण पुन्हा पुन्हा जीपीकडेच का जातात?

प्रश्न (रात्रपाळी)
‘टू पॉइंट हॉस्पिटल’ या रुग्णालय चालवण्याच्या संगणक-खेळात माझ्या रुग्णालयात जीपींचे (रुग्णाला प्रथम तपासणाऱ्या सामान्य डॉक्टरांचे) पाच कक्ष असूनही त्यांच्यापुढची रांग हटत नाही. काल एका रुग्णावर लक्ष ठेवले. जीपीने तपासल्यावर निदानाची खात्री ४१ टक्के झाली, सामान्य तपासणीनंतर ती ६३ वर गेली, तरी तो पुन्हा जीपीकडेच आला. तिसऱ्या खेपेला दाराशी ताटकळून शेवटी घरी निघून गेला. डॉक्टर निदान नेमके कसे ठरवतात?

उत्तर (नाडीपरीक्षा)
या खेळातील डॉक्टर लक्षणांवरून तर्क करत नाहीत; प्रत्येक तपासणी खात्रीच्या टक्केवारीत भर घालते आणि ती भर कर्मचाऱ्याचे कौशल्य व यंत्राचा दर्जा यांवर अवलंबून असते. पुढे कोठे पाठवायचे हे जीपी ठरवत असल्यामुळे एकच रुग्ण त्या रांगेत तीन-चार वेळा मोजला जातो. म्हणून सहावा कक्ष बांधण्यापूर्वी जीपींना ‘जनरल प्रॅक्टिस’चे प्रशिक्षण द्या आणि उपचारात निष्णात असलेल्या डॉक्टरांना त्या कक्षांतून काढून घ्या. पहिल्याच भेटीत खात्री जास्त वाढली, की पुढच्या फेऱ्या आपोआप घटतात. खेळातील रुग्णालयाच्या धोरणांमध्ये उपचाराला पाठवण्याची किमान टक्केवारीही खाली आणता येते, पण अपुऱ्या निदानावर केलेला उपचार फसण्याची शक्यता वाढते. मी तरी तो मार्ग टाळतो.

उत्तर (जुना खेळाडू)
ही टक्केवारीची पद्धत १९९७ च्या ‘थीम हॉस्पिटल’ या खेळापासून चालत आलेली आहे. तेथे निदान अडले, की अंदाजाने उपचार करायचा का, असे थेट खेळाडूलाच विचारले जाई. खरे निदान करण्याची हौस असेल, तर २०१८ चा ‘प्रोजेक्ट हॉस्पिटल’ हा खेळ पाहा. त्यात रुग्ण काही लक्षणे सांगतो, काही दडलेली असतात, आणि डॉक्टरांपुढे संभाव्य आजारांची यादी उभी राहते; प्रत्येक तपासणीने ती आखूड होत जाते. रुग्ण स्वतःच्या हाती घेऊन कोणती तपासणी आधी करायची हे आपणही ठरवू शकतो. मात्र दडलेले लक्षण गंभीर असेल आणि आपण भलत्याच तपासण्यांत वेळ घालवला, तर रुग्ण कोसळतो.

प्रश्नकर्ता (रात्रपाळी)
दोन डॉक्टरांना प्रशिक्षण दिले आणि मानसोपचाराच्या डॉक्टरला जीपी कक्षातून हलवले. जीपींसमोरची रांग निम्म्यावर आली आहे. आता तेवढीच गर्दी औषधालयासमोर दिसते.