मदत हवी आहे: कोरोनानंतर भाऊ लढतीला उभाच राहत नाही

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहिते आहे, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ पैलवान आहे, वय १९. गाव राधानगरी तालुक्यात, पण सातवीपासून कोल्हापुरातल्या एका तालमीत राहून मेहनत करतो. (त्याचं आणि तालमीचं नाव देत नाही, कारण कळेलच.) मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तो ऐन जत्रांच्या तोंडावर. पाडव्यापासून पाऊस पडेपर्यंत आमच्याकडे गावोगाव कुस्तीची मैदानं भरतात. पैलवानाचं नाव होतं ते तिथंच आणि खुराकाचा खर्च थोडाफार निघतो तोही तिथल्याच इनामांतून. ते सगळं थांबलं, तालमीतली पोरं वळकट्या बांधून घरोघरी गेली.

सुरुवातीला तो मजेत होता. गोठ्यामागं माती उकरून, तेल-ताक टाकून छोटा आखाडा केला, जोर-बैठका मारायचा, विहिरीत पोहायचा. पण लढतीला जोड कुठून आणणार? धावणारा बांधावरून धावतो. पैलवानाला समोर माणूस लागतो, आणि माणसाला धरायचीच तर बंदी. मधे तालीम जेमतेम सुरू झाली, तोवर २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच. दुसऱ्या लाटेत घरात सगळ्यांनाच झाला, आजोबा त्यात गेले. १७ वर्षांखालच्या गटातलं त्याचं शेवटचं वर्षही असंच वाया गेलं. जानेवारी २०२० नंतर महाराष्ट्र केसरीच थेट एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याला झाली, तिथं या पोरांच्या स्पर्धा कोण विचारतो?

आता तालीम पूर्ववत होऊन बराच काळ झाला. हा पहाटे उठतो, सपाट्या मारतो, आणि लढतीची वेळ झाली की कडेला जाऊन बसतो. गुडघा दुखतो म्हणाला म्हणून एमआरआय केला, गुडघा ठणठणीत. रात्री दोन-तीनपर्यंत मोबाईल. गेल्या आठवड्यात भेटायला गेले तर आईनं दिवाळीत दिलेली बदामाची पिशवी फडताळात तशीच, गाठसुद्धा सुटलेली नाही. मे महिन्यात शेजारच्या गावच्या मैदानात जोड ठरला होता. लंगोट चढवला, हलगी सुरू झाली आणि हा कपडे घालून सरळ एसटी स्टँडवर. तेव्हापासून गावभर 'भ्याला' म्हणून झालंय आणि बाबा त्याच्याशी बोलत नाहीत.

खुराकाला महिना १५ हजारांच्या घरात जातात. त्यापायी दोन म्हशी विकल्या, हे त्याला माहीत आहे. परवा फोनवर म्हणाला, "अक्का, माझ्यामुळं घर बुडालं." मी पुण्यात नोकरीला, रोज जाऊन बसू शकत नाही.

कुणाकडे न्यावं? तालमीतले वस्ताद (शिकवणारे गुरू) माणूस म्हणून सोन्यासारखे आहेत, पण त्यांच्या मते सगळा मोबाईलचा दोष. त्यांना कसं सांगू? गोळ्या सुरू झाल्या तर डोपिंगमध्ये अडकेल का? आणि पोलीस भरतीचा फॉर्म भरतोय, तिथं हे कळेल का?

लाल_माती
ताई, मी स्वतः पंधरा वर्षं तालमीत काढली. आमच्या वेळी असले प्रकार नव्हते. मोबाईल काढून घ्या, दोन महिने पहाटे चारला उठवून मेहनत करून घ्या. घाम गेला की मन आपोआप जागेवर येतं.

फिजिओ_सांगली
लाल_माती, घाम गाळायच्या आधी एक बघूया. ताई, त्याला कोरोना होऊन गेल्यावर ईसीजी केला होता का? आजार गेला तरी काहींना मेहनतीत छातीत धडधड, दम लागणं राहतं, क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज असते. पैलवान हे सांगत नाही, कारण 'दम कमी पडतो' म्हणजे त्याच्या लेखी नाचक्की. गुडघा दुखतो म्हणणं सोपं. ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, ड जीवनसत्त्व एवढं करून घ्या. शरीरात काही नाही निघालं तर पुढचं बोलणंही सोपं जातं.

आणि वजन उतरवायला तो काय करतो तेही विचारा. उपाशी राहून, पाणी तोडून वजन उतरवणाऱ्याची झोप आणि मूड दोन्ही जातात.

चढाईपटू
मी राज्य पातळीवर कबड्डी खेळायचे. लॉकडाऊनमध्ये दीड वर्ष घरी बसून परत मॅटवर गेले तेव्हा पहिली पकड झाली आणि रडूच आलं, का ते मलाच कळेना. शरीर परत आलं होतं. पण आपण अजून ती खेळाडू आहोत का, याची खात्री उरली नव्हती. आमच्यातल्या दोघी तर परत आल्याच नाहीत, लग्नं करून दिली घरच्यांनी.

तुमच्या पोस्टमध्ये मला एक खटकलं. आजोबांचं तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलंत. कुस्तीला त्याला घातलं कुणी?

अक्का_राधानगरी (धागाकर्ती)
आजोबांनीच. स्वतः पैलवानी केलेली. खांद्यावर बसवून त्याला मैदानं दाखवत फिरायचे, कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात बाराव्या रांगेत बसून प्रत्येक डाव समजावून सांगायचे. त्यांना दवाखान्यातूनच नेलं. आम्ही सगळे पॉझिटिव्ह, कुणालाच तोंड बघायला मिळालं नाही. मे महिन्यातलं ते मैदान त्यांच्या माघारी याचं पहिलंच होतं, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

मनोविकारतज्ज्ञ
ताई, मी या विषयातला डॉक्टर. न बघता निदान करणार नाही, पण 'माझ्यामुळं घर बुडालं' हे वाक्य हलक्यात घेऊ नका. त्याला आज उद्यातच सरळ विचारा: जगण्यात अर्थ नाही असं वाटतं का, जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे, उलट माणूस मोकळा होतो. 'हो' म्हणाला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. गावाकडच्या घरात कीटकनाशक, तणनाशक असतंच, ते आजच कुलपात टाका. आणि वडिलांना ही गोष्ट आधी सांगा.

कोल्हापुरात सीपीआरला (सरकारी दवाखान्यात) मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढून दाखवता येतं, खर्चाचा बाऊ नाही. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली: १४४१६, मोफत, दिवसरात्र. तुम्ही स्वतःही फोन करून सल्ला घेऊ शकता.

डोपिंगचं: नैराश्यावर नेहमी दिल्या जाणाऱ्या बहुतेक गोळ्या 'वाडा' या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या बंदी यादीत नाहीत. एकाग्रतेसाठीची काही उत्तेजक औषधं स्पर्धेच्या वेळी बंद आहेत. चिंतेसाठी कधी प्रोप्रानोलॉल देतात, ते नेमबाजी-तिरंदाजीसारख्या खेळांत चालत नाही, कुस्तीला ती अडचण नाही. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत 'स्पर्धा खेळतो' म्हणून सांगा आणि चिठ्ठी जपून ठेवा. गंमत अशी की मनाच्या गोळ्यांना घाबरणारी पोरं वजनासाठी लघवीच्या गोळ्या बिनदिक्कत खातात, आणि त्या बाराही महिने बंदी यादीत आहेत.

कायद्यातले काही अपवाद सोडले तर उपचारांची माहिती डॉक्टर परस्पर कुणाला देऊ शकत नाहीत, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तसं स्पष्ट आहे. भरतीच्या फॉर्ममध्ये किंवा वैद्यकीय तपासणीत काही विचारलं तर मात्र खोटं लिहू नये.

चढाईपटू
त्याच्याशी बोलताना विराटचं उदाहरण देऊ नका, तालमीतल्या पोराला क्रिकेटवाल्यांचं कौतुक नसतं. पैलवान विनेश फोगाटचं सांगा. दोनदा कोरोना झाला, टोकियो ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत हरली, वर कुस्ती महासंघानं निलंबित केलं. मन कसं खचलं होतं ते तिनं स्वतः उघड लिहिलं. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि सप्टेंबरमध्ये बेलग्रेडला जागतिक स्पर्धेत कांस्य. पण लगेच 'बघ, ती परत आली, तू पण ये' असं नको. नाही आला परत तरी तो तुमचा भाऊच आहे, हे त्याच्या कानावर पडू द्या. शक्यतो बाबांच्या तोंडून.

अक्का_राधानगरी (धागाकर्ती)
सगळ्यांचे आभार. काल रात्री विचारलं. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला विचार येतो, पण करणार नाही. मी सकाळीच कोल्हापूरला आले, तो आता माझ्यासोबत आहे आणि थोड्या वेळात आम्ही सीपीआरला निघतोय. बाबांना फोनवर सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण फवारणीच्या औषधाची खोली बंद करून किल्ली आईकडे दिली म्हणे. वस्तादांचं कोडं मात्र सुटलेलं नाही. तालीम सोडवायची का? त्याला सोडायची नाही, तेवढं तो ठाम म्हणतो.

मनोविकारतज्ज्ञ
योग्य केलंत. जे त्यानं तुम्हाला सांगितलं तेच शब्द डॉक्टरांना सांगा, आणि आजची रात्र तो एकटा राहणार नाही असं बघा. तालीम त्याला हवी असेल तर तोडू नका, आजच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. फक्त काही काळ मैदान आणि जोड यांचा विषय बंद. मेहनत करावी, लहान पोरांना डाव दाखवावेत, आखाड्याची माती उकरावी. लढत कधी, ते त्याला ठरवू दे.

लाल_माती
मोबाईलचं माझं म्हणणं कायम आहे, रात्री तो वस्तादांकडं जमा असावा. बाकी डॉक्टरसाहेब म्हणतात ते करा. आमच्या वेळी नव्हतं म्हणालो खरं, पण हंगाम हुकला म्हणून गावी गेलेले आणि दारूत संपलेले दोन जोडीदार मलाही आठवले. वस्तादांना डॉक्टरांची भाषा नको. 'मनाला मार लागलाय, दुखापत आहे, आखाड्यातून काही दिवस विश्रांती लिहून दिलीय' एवढंच सांगायचं. दुखापतीला कुठलाच वस्ताद नाही म्हणत नाही. तालीम कुठली ते व्यनि (खासगी निरोप) करा. ओळखीतले असतील तर रविवारी मीच जाऊन बसतो त्यांच्याजवळ.