सुपरचार्जर लावलेल्या मूळ एफए२० इंजिनाची सुरक्षित मर्यादा कोणती मानावी?

घाटवळण (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड या जुळ्या गाड्यांच्या २०१२ मध्ये आलेल्या पहिल्या पिढीत दोन लिटरचे एफए२० इंजिन आहे. ते न उघडता त्यावर सुपरचार्जर (इंजिनाच्याच बेल्टवर फिरून सिलिंडरमध्ये जादा हवा दाबून भरणारा पंप) बसवणाऱ्यांमध्ये एक आकडा जवळजवळ नियमासारखा सांगितला जातो: चाकांवर ३०० हॉर्सपॉवर. त्याच्या आत राहिल्यास इंजिन टिकते आणि वर गेल्यास कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकतो, असे मानले जाते. माझे म्हणणे असे की ही मर्यादा हॉर्सपॉवरमध्ये सांगण्यातच चूक आहे; ती टॉर्कमध्ये, म्हणजे फिरवण्याच्या जोरात, सांगावी, आणि तो टॉर्क किती फेऱ्यांवर मिळतो हेही सोबत सांगावे.

मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर ३०० हॉर्सपॉवर मिळवायला सुमारे ३०५ न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. तेवढीच शक्ती ५,००० फेऱ्यांवर हवी असेल तर सव्वाचारशे न्यूटन-मीटरहून अधिक लागतो. या इंजिनाचा कारखान्यातला टॉर्क २०५ न्यूटन-मीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे दोन्हींतला फरक किती गंभीर आहे ते कळते. रॉडला दाबून वाकवणारे बल ज्वलनाच्या दाबातून येते आणि तो दाब टॉर्कबरोबर चढतो. शिवाय फेरे जास्त असताना वर चाललेल्या पिस्टनचे जडत्व रॉडला ताणत असते, त्यामुळे दाबाचा काही भाग वजा होतो. कमी फेऱ्यांवर ही वजाबाकी फारशी होत नाही. सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जरमध्ये बूस्ट, म्हणजे भरलेल्या हवेचा जादा दाब, फेऱ्यांबरोबर चढत जातो आणि टॉर्कचा कळस लाल रेषेजवळ, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेजवळ, येतो. रूट्स किंवा ट्विन-स्क्रू प्रकारात मात्र भरपूर टॉर्क ३,००० फेऱ्यांपासूनच मिळू लागतो. डायनोच्या (चाकांवरची शक्ती मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर दोन्ही गाड्यांचा आकडा २८० असला, तरी त्यांच्या रॉडांवर सारखा भार पडत नाही.

कॅलिफोर्नियातल्या ९१ ऑक्टेन पेट्रोलवर मी चाकांवर २७० हॉर्सपॉवरपाशी थांबेन, आणि टॉर्क कोणत्याही फेऱ्यांवर चाकांशी २७५ न्यूटन-मीटरच्या वर जाऊ देणार नाही. यावर मतभेद असणारच. ते कारणांसह मांडावेत.

सहावा गिअर (ऑस्टिन, टेक्सास)

टॉर्काविषयीचे विवेचन मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. माझा व्यवसाय ट्यूनिंगचा आहे. माझ्या पाहण्यातली बहुतेक फुटलेली इंजिने आकडा मोठा होता म्हणून फुटली नाहीत. सिलिंडरमधले मिश्रण दाब-उष्णतेने आपोआप पेटणे, म्हणजे नॉक, अपुरा इंधनदाब, किंवा सहाव्या गिअरमध्ये २,५०० फेऱ्यांवर तळापर्यंत दाबलेले ॲक्सिलरेटर, हीच कारणे पुन्हापुन्हा दिसतात. (माझ्या टोपणनावाशी याचा संबंध जोडू नये.) येथे ९३ ऑक्टेन पेट्रोल सहज मिळते, आणि ई८५ (मुख्यतः इथेनॉलचे इंधन) मिळाले तर नॉकचा प्रश्न बहुतांशी मागे पडतो. ई८५ ला इंधन सुमारे ३० टक्के जास्त लागते, त्यामुळे पंप व इंजेक्टर त्या मापाचे असावे लागतात, एवढेच. अशा तयारीनिशी चाकांवर ३०० हा वाजवी आकडा आहे.

निर्मात्यांकडेही पाहावे. लोटसने इव्होरामध्ये टोयोटाचे साडेतीन लिटरचे व्ही६ वापरले. ते सुपरचार्जरशिवाय २८० पीएस (जवळजवळ हॉर्सपॉवरएवढेच माप) देत होते. इव्होरा एसमध्ये सुपरचार्जरसह ३५० झाले, पुढे ४०० च्या वर गेले आणि जीटी४३० मध्ये ४३६ पर्यंत पोहोचले. टोयोटाच्या एका कुटुंबी सेडानमधल्या इंजिनात एवढा वाव असेल, तर क्रीडागाडीसाठी बनवलेल्या इंजिनात तो नसेल असे गृहीत का धरायचे?

उत्तरकोकण (सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया)

वरील दोघेही डायनोवरच्या काही सेकंदांच्या धावेबद्दल बोलत आहेत. जुलैमध्ये थंडरहिल या कॅलिफोर्नियातल्या ट्रॅकवर वीस मिनिटांचे सत्र चालवून पाहिले, तर रॉडचा विचार मनात येण्याआधी तेलाचे तापमान येते. ऑइल कूलर नसेल तर मूळ, सुपरचार्जर नसलेले एफए२० देखील उन्हाळ्यात ट्रॅकवर १२० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. त्यात हवा दाबून भरली तर काय होते याचा हिशेब करावा. बाहेरची हवा ३५ अंशांवर असताना दाबाचे गुणोत्तर १.६ ठेवले आणि कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर हवा सुमारे ९८ अंशांवर बाहेर पडते. इंटरकूलर ती थंड करतो हे खरे. पण तो रेडिएटरच्या पुढे बसतो, आणि रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली असते. हवा तापली की नॉकची शक्यता वाढते. इंजिनाचा संगणक इग्निशन (ठिणगीची वेळ) मागे घेतो, त्यामुळे टॉर्क पडतो आणि एग्झॉस्टचे तापमान चढते. ट्रॅकच्या तिसऱ्या फेरीनंतर त्या ३०० पैकी किती उरतात?

सुपरचार्जर स्वतः जी शक्ती खातो तिचा उल्लेख अजून कोणीच केलेला नाही. एवढ्या हवेसाठी २० ते २५ हॉर्सपॉवर बेल्टमधूनच जातात. ती शक्ती चाकांवर दिसत नाही, पण पिस्टन, रॉड आणि बेअरिंग यांना ती निर्माण करावीच लागते. म्हणून २७० चाकांवर घेणारा मूळ रचनेच्या तुलनेत स्वतःला वाटतो त्याहून बराच पुढे असतो.

लोटसचाच दाखला घ्यायचा तर इव्होरापेक्षा एक्सिज एस जवळचा आहे. तिच्यातले टोयोटाचे १.८ लिटरचे इंजिन चार सिलिंडरांचे, उंच फेऱ्यांचे आणि ११.५ कंप्रेशनचे (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो त्याचे माप) होते. ते १९० पीएसवरून २००६ मध्ये सुमारे २२० वर नेले गेले आणि कप २६० सारख्या आवृत्त्या नंतर आल्या. पहिल्या खेपेला निर्मात्याने घेतलेली वाढ जेमतेम १५-१६ टक्के होती. ट्रॅकवर जाणाऱ्या माणसाने चाकांवर २४० पाशी थांबावे, आणि ऑइल कूलर आधी बसवावा, हे माझे मत आहे.

घाटवळण

बेल्टमधून जाणाऱ्या शक्तीचा मुद्दा मी मांडायला हवा होता, असे उत्तरकोकण यांना वाटत असेल तर ते बरोबरच आहे. तो माझ्याच बाजूचा आहे. सहावा गिअर यांच्या इव्होराच्या दाखल्यात मात्र महत्त्वाचा तपशील सुटला आहे. त्या व्ही६ चे कंप्रेशन १०.८ आहे, एफए२० चे १२.५. इतक्या कंप्रेशनवर हे इंजिन चालते ते मुख्यतः सिलिंडरमध्ये थेट फवारलेल्या इंधनाच्या गारव्यामुळे. त्यातला बराचसा वाव कारखान्यानेच वापरून टाकलेला आहे. शिवाय इव्होरा ३५० वरून ४०० वर गेली तेव्हा तिला दाबलेली हवा थंड करणारा चार्ज-कूलर दिला गेला. म्हणजे तेथे आकड्याबरोबर थंडाव्याची सोयही वाढवली होती.

ई८५ बद्दल माझा आक्षेप निराळा आहे. त्याने नॉक टळतो, पण टॉर्काचा भार टळत नाही. उलट इग्निशन पुढे घेता येते म्हणून सिलिंडरमधला कमाल दाब वाढतोच. नॉकची भीती गेली की माणूस सुपरचार्जर आणखी वेगाने फिरावा म्हणून त्याला लहान पुली (बेल्टचे चाक) लावतो, आणि मग रॉडला वाचवणारे काहीच उरत नाही.

पर्वती (पुणे)

एक विचारणा. येथे साधे पेट्रोल बरीच वर्षे ९१ ऑक्टेनचे होते. कॅलिफोर्नियातले ९१ म्हणजे तेच का?

घाटवळण

तेच नाही. ऑक्टेन मोजण्याच्या आरओएन व एमओएन अशा दोन पद्धती आहेत; भारतात आरओएन हे माप वापरतात, अमेरिकेत दोन्हींची सरासरी. येथले ९१ म्हणजे भारतीय मापाने साधारण ९५-९६. ही गाडी भारतात अधिकृतपणे विकली गेली नाही, पण दुसऱ्या कोणत्या इंजिनासाठी येथले आकडे वापरणार असाल, तर भारतीय मापाच्या ९१ ऑक्टेन पेट्रोलवर ते लागू करू नयेत.

निरीक्षक (ट्रॉय, मिशिगन)

इंजिनांच्या टिकाऊपणाच्या चाचण्या हे माझे काम आहे, त्यामुळे ‘सुरक्षित’ हा शब्द इतक्या सहज वापरलेला पाहून थोडे अवघडायला होते. किती काळासाठी सुरक्षित, याचे उत्तर कोणीच दिलेले नाही. निर्माता इंजिन पूर्ण भारावर शेकडो तास चालवतो आणि त्यानंतर ते उघडून मोजतो. खाजगी गाडीवर वर्षभरात पूर्ण बूस्टचा एकूण वेळ काही तासांपलीकडे क्वचितच जातो. म्हणून ‘माझे ३०० वर चार वर्षे चालले’ या विधानातून रॉडच्या थकव्याविषयी फार थोडे सिद्ध होते. त्याच न्यायाने २७० सुरक्षित आहेत हेही सिद्ध होत नाही. डायनोचे यंत्र बदलले की त्याच गाडीच्या आकड्यात दहा टक्क्यांचा फरक सहज पडतो. म्हणजे येथे चाललेला निम्मा वाद यंत्रांतल्या फरकाचाही असू शकतो.

दुसरे म्हणजे सर्व ‘मूळ’ इंजिने सारखी नसतात. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये सुरुवातीच्या काळातल्या गाड्या व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या दोषासाठी परत बोलावण्यात आल्या, आणि त्या कामासाठी इंजिन बाहेर काढून बरेच उघडावे लागत होते. सुपरचार्जरचा विचार करण्यापूर्वी हे काम झाले आहे का आणि कसे झाले आहे, ते पाहावे.

लाल रेषा वाढवण्याबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून मी सांगतो. रॉडच्या बोल्टवरचा सर्वांत मोठा ताण एग्झॉस्टच्या टप्प्यात, म्हणजे जळलेला वायू बाहेर ढकलताना, पिस्टन अगदी वर असताना येतो. तेथे बूस्टचा फारसा संबंध नसतो, तो फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. ७,४०० वरून ७,८०० वर गेल्यास हा ताण ११ टक्क्यांनी वाढतो. सेंट्रिफ्यूगलवाल्यांना हा मोह हमखास होतो, कारण त्यांची शक्ती शेवटपर्यंत चढतच असते.

सहावा गिअर

लाल रेषेला हात लावू नये यावर आपले एकमत आहे. माझ्याकडे येणाऱ्या कोणत्याही मूळ इंजिनाची मी वाढवत नाही. ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी ऑइल कूलर आधी, हेही मान्य. चार्ज-कूलरचा मुद्दा मात्र माझ्या बाजूने जातो: लोटसने थंडावा वाढवून शक्ती वाढवली, आणि मीही तेच सांगत आहे.

२७० चा आग्रह मला पटत नाही. ग्राहकाला टॉर्काचा आलेख दाखवला तरी तो शेवटी एक आकडाच विचारतो, आणि सेंट्रिफ्यूगल, ९३ ऑक्टेन, ४,५०० फेऱ्यांखाली आवरलेला टॉर्क आणि कायम चालू असलेली नॉकची नोंद या अटींवर मी ३०० च सांगेन. कॅलिफोर्नियात मर्यादा वेगळी असेल हे मान्य. तेथे राज्याच्या प्रदूषण मंडळाचा आदेश क्रमांक असलेलाच संच चालतो, आणि पुली बदलली की ती मान्यता राहत नाही. म्हणजे तेथे पुलीचा वाद कायद्यानेच मिटवला आहे.

उत्तरकोकण

९३ ऑक्टेनच्या पेट्रोलने तेल थंड होत नाही. ३०० च्या अटींत आपण नॉकची नोंद ठेवली, तेलाचे तापमान ठेवले नाही. ते घातल्याशिवाय मी माझा आकडा बदलणार नाही.

निरीक्षक

सहावा गिअर यांच्याकडे मागणे आहे. ३०० च्या आसपास चाललेली काही इंजिने इतर कारणांसाठी आपण उघडली असतील, तर त्यांच्या रॉडांची लांबी मोजलेली आहे का? रॉड मोडण्याआधी किंचित आखूड होतो, आणि इंजिन तरीही विनातक्रार चालत राहते.

सहावा गिअर

मोजलेली नाही. चांगली चालणारी इंजिने माझ्याकडे उघडायला येत नाहीत; उघडतो ती फुटलेलीच. यापुढे दुसऱ्या कारणाने एखादे उघडले, तर चारही रॉड मोजून आकडे येथे देईन.